एमबीबीएस कुठे करावे? आधी डॉक्टरकी कुठे करायची ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी लातूर भागातली, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातच. नीटमध्ये पात्र ठरली आहे, पण सरकारी महाविद्यालय थोडक्यात हुकेल असे दिसते. समोर तीन वाटा आहेत: कॅपमधून (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून) खासगी महाविद्यालय, अभिमत (डीम्ड) विद्यापीठ, नाहीतर जॉर्जिया, रशिया किंवा किर्गिझस्तान. पुढे जमले तर ब्रिटन-अमेरिकेला जायचेही मनात आहे. वडिलांचे म्हणणे, "अभ्यासक्रम सगळीकडे सारखाच, शरीर तेच, औषधे तीच, मग कुठूनही केले तर काय बिघडले?"

शरीर तेच, हे खरे. पण वैद्यकीय पदवी नुसती भिंतीवर लावून उपयोग नसतो, तिच्यावर परवाना मिळावा लागतो. आणि परवान्याचे नियम चार वेगळ्या ठिकाणी ठरतात: राज्य सरकार, केंद्रातला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, जिथे शिकायचे तो देश, आणि पुढे जिथे काम करायचे तो देश. हे चौघे एकमेकांना विचारून नियम करत नाहीत. एकाने सवलत म्हणून दिलेली गोष्ट दुसऱ्याच्या दारात अपात्रता ठरते. म्हणून सुरुवात प्रवेशापासून न करता शेवटापासून करावी. मुलगी डॉक्टर म्हणून कुठे उभी राहणार, तिथला नियम आधी वाचायचा आणि मग मागे मागे येत महाविद्यालयापर्यंत पोहोचायचे. बहुतेक घरांत हे नेमके उलटे होते, आणि अडचण सहा वर्षांनी कळते.

आधी आपल्या राज्याचे बघू, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाचतात किंवा जातात.

सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि ८५ टक्के राज्याकडे राहतात. ही विभागणी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ आणि १९८६ च्या निकालांतून आली. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र लागतेच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. बारावीसाठी मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला पाठवताना शाळेचा प्रवेशही तिकडेच घेतला, तर राज्याचा कोटा हातचा जातो. केंद्र व राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची मुले आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातले विद्यार्थी यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्या माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचाव्यात. तुमच्या मुलीचा हा भाग पक्का आहे.

मराठवाड्यासाठी दुसरी गोष्ट महत्त्वाची. सप्टेंबर २०२० पर्यंत राज्यात ७०:३० चे प्रादेशिक आरक्षण होते. ज्या विभागातले महाविद्यालय, त्याच विभागातल्या विद्यार्थ्यांना ७० टक्के जागा आणि उरलेल्या ३० टक्के सगळ्या राज्याला. मराठवाड्यात महाविद्यालये कमी आणि नीटची तयारी करणारी मुले भरपूर, त्यामुळे चांगले गुण असूनही इथली मुले मागे राहत. ते आरक्षण रद्द झाल्यावर राज्याची एकच गुणवत्ता यादी झाली. म्हणून कोणी २०१९ चा कट-ऑफ दाखवून अंदाज सांगत असेल, तर तो कागद बाजूला ठेवा. त्यानंतरच्या वर्षांचेही गुण न बघता राज्य गुणवत्ता यादीतला क्रमांक बघा. २०२५ चा पेपर २०२४ पेक्षा खूप अवघड गेला आणि त्याच क्रमांकाला कितीतरी कमी गुण पुरले. गुण दरवर्षी हलतात, क्रमांक त्या मानाने स्थिर राहतो. त्यात नव्या जागांची भर धरा: ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी दहा नवी सरकारी महाविद्यालये सुरू झाली, त्यांत जालना आणि हिंगोलीही आहेत, आणि एकूण ९०० जागा वाढल्या. त्यामुळे तुम्हाला "हुकेल" वाटणारी जागा तिसऱ्या फेरीपर्यंत हुकलेली नसेल, अशी बरीच शक्यता आहे. घाई करू नका.

मुलगी आहे म्हणून आणखी एक. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वी ही माफी निम्मी होती. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयालाही ती लागू आहे, मात्र प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. संस्थास्तरीय कोटा (खासगी महाविद्यालयाच्या स्वतःच्या वाट्याच्या जागा) आणि अभिमत विद्यापीठ यांना ती नाही. याचा अर्थ असा की तुमचे उत्पन्न आणि प्रवर्ग यात बसत असेल, तर कॅपमधली खासगी जागा तुम्हाला परदेशापेक्षा स्वस्त पडू शकते. परदेशाचा करार करण्याआधी हे गणित कागदावर मांडा. वसतिगृह, मेस, अनामत रक्कम आणि विकास शुल्क वेगळे धरा, ते माफीत येत नाहीत. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. एका वर्षी विसरला की त्या वर्षाचे शुल्क अंगावर येते.

इथे नेहमी चुकणारी गोष्ट म्हणजे कागद. जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या वर्षातच हातात असावे, निकालानंतर समितीकडे धावपळ करून वेळेत मिळेल या भरवशावर राहू नये. नॉन-क्रिमीलेअरची मुदत आर्थिक वर्षाला बांधलेली असते, त्यामुळे ३१ मार्चला संपलेले प्रमाणपत्र जुलैच्या पडताळणीत चालत नाही. आधार कार्ड, दहावीचे प्रमाणपत्र आणि नीटचा अर्ज यांवरचे नाव अक्षरशः एक असावे. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने, एवढ्यानेही फेरी जाते.

अभिमत विद्यापीठांचे प्रवेश दिल्लीची समिती करते. तिथे अधिवासाचा संबंध नाही, शुल्क बहुतेक ठिकाणी वर्षाला वीस लाखांच्या पुढे, आणि समुपदेशनाला दोन लाखांची अनामत भरावी लागते. पुढच्या फेऱ्यांत मिळालेली जागा सोडली तर ती अनामत जाते, शिवाय दुसरीकडचे दार बंद होऊ शकते. राज्याची आणि दिल्लीची अशा दोन्ही फेऱ्यांत एकदम नाव असेल, तर प्रत्येक फेरीच्या आधी "ही जागा मिळाली तर खरेच घेणार का" हे घरात बोलून मगच पसंतीक्रम भरा. गंमत म्हणून भरलेला पर्याय गळ्यात पडतो.

बॉण्डचेही आधीच समजून घ्या. राज्यातल्या सरकारी आणि महापालिका महाविद्यालयांतून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा द्यावी लागते आणि मोडल्यास दंडाची रक्कम दहा लाख रुपये ठरवलेली आहे. पदव्युत्तरला ती पन्नास लाख आणि अतिविशेष शाखांना दोन कोटी. ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे बॉण्ड वैध ठरवले, त्यामुळे "कोर्टात टिकत नाही" हा सल्ला चुकीचा आहे. पैसे भरून सुटका मिळते की नाही, हा नियम बदलत आला आहे. प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका पीडीएफ म्हणून जपून ठेवा, सहा वर्षांनी तुम्हाला तोच नियम दाखवावा लागेल. बॉण्डला घाबरून सरकारी जागा सोडणे मात्र मोठी चूक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या त्या एका वर्षात हात जितका तयार होतो, तितका शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाहत उभे राहून होत नाही.

आता केंद्र. वैद्यकीय आयोग सप्टेंबर २०२० मध्ये जुन्या भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी आला. त्याच्या नियमांतले दोन आकडे महाविद्यालय निवडताना उपयोगी पडतात. १०० जागांच्या महाविद्यालयाला किमान ४२० खाटांचे रुग्णालय हवे, १५० जागांना ६०५. पण खाटा मोजून काही कळत नाही, खाटांवर माणसे आहेत का ते बघायचे. कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी अकराला जाऊन केसपेपरच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहा. रांग आहे का, बाळंतपणाच्या वॉर्डात नातेवाईक जमिनीवर डबे उघडून बसले आहेत का, अपघात विभागाच्या दारात १०८ ची गाडी येते का, हे पाहा. रिकामा, चकचकीत, फिनेलच्या वासाचा वॉर्ड दिसला तर तिथे शिकायला केसेस नाहीत. पुस्तक घरीही वाचता येते. यकृत वाढलेले पोट हाताला लागायचे तर रुग्ण लागतो.

नव्या महाविद्यालयांबाबत एक शब्द नीट समजून घ्या. पहिली तुकडी अंतिम परीक्षेपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांच्याकडे परवानगी असते, पदवीची मान्यता त्यानंतर येते. सरकारी महाविद्यालयात हा धोका फारसा नाही, पण शिक्षक पुरेसे आहेत का हा प्रश्न नव्या ठिकाणी खराच असतो. पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्राच्या विभागांत किती कायम शिक्षक आहेत, ते तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

२०१९ पासून अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर बेतला. एमबीबीएस साडेचार वर्षे म्हणजे ५४ महिने आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी, पहिली व्यावसायिक परीक्षा चार प्रयत्नांत, सगळा अभ्यासक्रम जास्तीत जास्त नऊ वर्षांत. हा ५४ चा आकडा लक्षात ठेवा, तो परदेशाच्या भागात पुन्हा येणार आहे.

धोरण वरून आले की खाली त्याचे काय होते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये सुरू झाले. तिथे प्रवेश परीक्षेतच गांधीविचारांची एक प्रश्नपत्रिका असे, आणि प्रवेशानंतर तुकडीला आश्रमात शिबिर आणि मग एक गाव दत्तक. देशभर एकच नीट आली तेव्हा ती प्रश्नपत्रिका गेली. खेड्यात काम करण्याची तयारी पाहून विद्यार्थी निवडण्याची एक खिडकी बंद झाली. आणि पुढे २०२२ मध्ये त्याच केंद्रीय व्यवस्थेने कुटुंब दत्तक कार्यक्रम (विद्यार्थ्याने काही कुटुंबे धरून त्यांच्या आरोग्याकडे लक्ष ठेवणे) सर्व महाविद्यालयांना लागू केला, म्हणजे सेवाग्राम पन्नास वर्षे जे करत आले त्याच्याशी नाते सांगणारी गोष्ट देशभर आली. एका धोरणाने स्थानिक वेगळेपण पुसले, दुसऱ्याने त्याचा एक भाग सगळीकडे पोहोचवला. फरक इतकाच की सेवाग्रामात तुकडी गावात मुक्कामाला राहते. बसने जाऊन रक्तदाब मोजून, लॉगबुकावर सही घेऊन संध्याकाळी परत आले तर कुटुंब दत्तक हा फक्त कागद होतो. महाविद्यालय निवडताना हे जरूर विचारा.

भाषेचेही तसेच. २०१९ च्या आराखड्यात सुरुवातीच्या १७५ तासांच्या पायाभूत वर्गात ४० तास भाषा आणि संगणकासाठी ठेवले होते. त्यामागचे कारण वॉर्डात कळते. रुग्ण "छातीत दुखते" असे क्वचित म्हणतो. तो म्हणतो, "कळ मारते", "जीव घाबरा होतो", "पोटात गुबारा धरलाय", "अंगात कणकण आहे". कळ कुठून कुठे जाते, चालल्यावर येते की जेवल्यावर, बसले की थांबते का, हे त्याच्याच बोलीत विचारता आले तर निम्मे निदान तिथेच होते. हे वाक्य ध्यानात ठेवून आता परदेशाकडे वळू.

१८ नोव्हेंबर २०२१ ला आयोगाचे परदेशी वैद्यकीय पदवीधरांचे नियम लागू झाले. त्यानंतर प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ते लागू आहेत. अटी अशा: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, त्याशिवाय त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, माध्यम इंग्रजी, ठरवून दिलेले सगळे विषय आणि त्यांचे क्लिनिकल प्रशिक्षण, सगळे शिक्षण एकाच संस्थेत, त्याचा कोणताही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात नाही, त्या देशाच्या नागरिकाला मिळतो तसा वैद्यकीचा परवाना मिळण्याची पात्रता, आणि सगळे दहा वर्षांच्या आत. परत आल्यावर भारतात स्क्रीनिंग परीक्षा (एफएमजीई) आणि आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप. जाण्याआधी नीट पात्रता हवीच, तिचा निकाल परदेशासाठी तीन वर्षे चालतो. आधी जाऊन नंतर नीट देऊ, हे चालत नाही.

यातली "एकाच संस्थेत" ही अट सर्वांत जास्त मुलांना बुडवते, आणि ती का बुडवते हे समजायला दोन धोरणे शेजारी ठेवून पाहावी लागतात. बोलोन्या प्रक्रियेत, म्हणजे युरोपी देशांनी उच्च शिक्षण एकमेकांशी जुळवून घेण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेत, शिक्षण क्रेडिटमध्ये मोजतात: वर्षाला ६०, सहा वर्षांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमाला ३६०. क्रेडिट एका विद्यापीठातून दुसऱ्यात नेता यावेत, हाच त्या व्यवस्थेचा हेतू. जॉर्जिया आणि युक्रेन २००५ मध्ये तिच्यात आले. तिथल्या विद्यापीठाच्या दृष्टीने तिसऱ्या वर्षी बदली घेणे ही अगदी सरळ गोष्ट आहे, त्यात लपवाछपवी काही नाही. पण आपला आयोग क्रेडिट मोजत नाही, तो महिने मोजतो, आणि तेही एकाच संस्थेतले. एजंट सांगतो, "इथे शुल्क वाढले, तिकडे बदली करून देतो, क्रेडिट पूर्ण धरतात." तो खोटे बोलत नसतो. तिकडचे विद्यापीठ क्रेडिट खरेच धरते. अडते ते भारतात परतल्यावर.

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि हजारो भारतीय विद्यार्थी अर्ध्यावर परतले, तेव्हा हीच गाठ सोडवावी लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने त्यांच्यापुरती शैक्षणिक स्थलांतराला हरकत नसल्याचे कळवले, तेही पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाचीच असेल या अटीवर. ती सवलत युद्धाच्या आपत्तीमुळे होती, शुल्क परवडत नाही किंवा शहर आवडले नाही म्हणून ती मिळत नाही. कोविडकाळात चीनमधल्या मुलांचे जे वर्ग ऑनलाइन झाले, त्यांच्यावरही पुढे भारतात जादा इंटर्नशिपची वेळ आली. धडा एवढाच घ्यायचा की प्रत्यक्ष वॉर्डातला जो काळ जातो, तो कोणीतरी, कधीतरी तुमच्याकडून भरून मागतेच.

फिलिपिन्सचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. तिथे आधी विज्ञानाची पदवी आणि मग चार वर्षांची एमडी, अशी अमेरिकी धाटणीची रचना आहे. चार वर्षे म्हणजे ४८ महिने. आधीची पदवी आयोग वैद्यकीय शिक्षणात धरत नाही, म्हणून ५४ चा आकडा गाठला जात नाही. शिक्षण वाईट आहे असा याचा अर्थ नाही, फक्त दोन देशांच्या मोजपट्ट्या जुळत नाहीत. पण तुमच्या मुलीला त्याने काय दिलासा मिळणार?

सहा वर्षांच्या अभ्यासक्रमातही असाच सापळा आहे. अनेक ठिकाणी सांगतात, "सहावे वर्ष म्हणजेच इंटर्नशिप." ते तसे असेलही, पण ते कागदावर वेगळे दिसले पाहिजे: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अभ्यासक्रम, त्यानंतर अमुक विभागांत १२ महिने इंटर्नशिप. प्रवेशाआधीच विद्यापीठाकडून शिक्क्याचे पत्र घ्या आणि त्यात पुढील गोष्टी लिहून मागा: अभ्यासक्रमाचे एकूण महिने, इंटर्नशिपचा स्वतंत्र काळ आणि ठिकाण, शिकवण्याचे माध्यम, आणि पदवीनंतर त्या देशाच्या नागरिकाला परवान्यासाठी जे लागते ते परदेशी विद्यार्थ्याला करता येते का. शेवटचा प्रश्न विद्यापीठ टाळते. मग त्या देशाच्या आरोग्य मंत्रालयाचा नियम शोधा. परवान्याची परीक्षा स्थानिक भाषेतच असेल, तर ती भाषा त्या पातळीला शिकायची तयारी हवी. जे विद्यापीठ असे पत्र द्यायला कुरकुर करते, तिथे जाऊ नका. मे २०२५ मध्ये आयोगाने काही परदेशी महाविद्यालयांबद्दल जाहीर इशारा दिला होता. प्रवेशाच्या आठवड्यात आयोगाच्या संकेतस्थळावरच्या सूचना पुन्हा एकदा तपासा.

माध्यम इंग्रजी आणि रुग्ण रशियन, ही परिस्थिती जवळून बघा. वर्गात स्लाइड इंग्रजीत. चौथ्या वर्षी दहा-बारा मुले एका खाटेभोवती. शिक्षक आजीबाईंशी रशियनमध्ये बोलतात, दोन वाक्यांचा इंग्रजी सारांश देतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. कळ कुठून कुठे जाते हा प्रश्न त्या मुलाने स्वतः विचारलेलाच नसतो. सहा वर्षांनी परतल्यावर स्क्रीनिंग परीक्षेत ३०० प्रश्न येतात, दीडशेचे दोन भाग, उत्तीर्ण व्हायला १५० हवेत. उणे गुण नाहीत, तरी बऱ्याच सत्रांत चार-पाच जणांमागे एकच पास होतो. प्रश्न अवघड असतात म्हणून असे होत नाही. ते रुग्णाच्या वर्णनावर बेतलेले असतात, आणि हाताखालून रुग्णच गेलेले नसतात. म्हणून जायचेच ठरले, तर पहिल्या दिवसापासून तिथली भाषा शिकावी, आणि दुसऱ्या वर्षापासून भारतीय पाठ्यपुस्तके आणि प्रश्नसंच समांतर ठेवावेत. सुटीत घरी आल्यावर जिल्हा रुग्णालयात नुसते पाहायला बसले तरी फायदा होतो, मात्र तो काळ अभ्यासक्रमात धरला जाणार नाही हे ध्यानात ठेवा.

परीक्षा पास झाल्यावरही रांग आहे. भारतीय महाविद्यालयांत परदेशी पदवीधरांच्या इंटर्नशिपसाठी मंजूर जागांच्या साडेसात टक्के एवढीच सोय ठेवलेली आहे. म्हणजे १०० जागांच्या महाविद्यालयात सात-आठ जण. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी, मग जागेची वाट. पदवीवर दूतावासाची साक्षांकने किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) परीक्षेच्या अर्जाच्या मुदतीत हातात नसेल, तर सहा महिने तिथेच गेले, कारण परीक्षा वर्षातून दोनदाच होते. एकूण हिशेब प्रामाणिकपणे केला तर बारावीनंतर सात ते आठ वर्षे होतात, तीही पहिल्याच प्रयत्नात पास झाल्यास. एजंटच्या पत्रकात सहाच वर्षे छापलेली असतात.

त्या पत्रकांवरचे आणखी तीन शब्द. "जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता" असे लिहिलेले असते. ती संघटना वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता देतच नाही. दुसरा शब्द "वर्ल्ड डिरेक्टरीत नोंद". ती फक्त यादी आहे, दर्जाचा दाखला नाही. तिसरा थोडा गुंतागुंतीचा आहे: वैद्यकीय शिक्षणाचा जागतिक महासंघ, म्हणजे डब्ल्यूएफएमई. हा महासंघ महाविद्यालय तपासत नाही. महाविद्यालये तपासणाऱ्या त्या त्या देशाच्या संस्थेला तो मान्यता देतो. आपल्या आयोगाला ती सप्टेंबर २०२३ मध्ये दहा वर्षांसाठी मिळाली आणि तेव्हाची ७०६ महाविद्यालये तिच्या छत्राखाली आली. या दहा वर्षांत निघणारी नवीही येतील. याला एवढी घाई होण्याचे कारण अमेरिकेत होते. परदेशी डॉक्टरांना प्रमाणित करणाऱ्या तिथल्या ईसीएफएमजीने २०१० मध्ये जाहीर केले की २०२३ पासून अशा मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेल्या महाविद्यालयाचेच विद्यार्थी घेऊ. कोविडमुळे मुदत २०२४ वर गेली आणि पुढे अटही सौम्य झाली. पण दरम्यान कितीतरी देशांनी आपापल्या मान्यता व्यवस्था त्या मापात बसवल्या. फिलाडेल्फियातल्या एका कार्यालयाचा निर्णय हिंगोलीच्या महाविद्यालयाच्या तपासणीपर्यंत पोहोचतो तो असा.

हे नवे नाही. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढली, त्यातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला. १९७५ मध्ये ब्रिटनने पुन्हा मान्यता काढली आणि तेव्हापासून आपल्या डॉक्टरांना तिथे परीक्षा द्यावी लागते.

आज ब्रिटनसाठी प्लॅब ही परदेशी डॉक्टरांची परीक्षा लागते: पहिला भाग १८० प्रश्नांचा, दुसरा मँचेस्टरला, १६ स्टेशनांचा (प्रत्येक स्टेशनवर रुग्णाचा एक प्रसंग). त्याआधी इंग्रजीची परीक्षा: आयईएलटीएसमध्ये एकूण साडेसात आणि प्रत्येक भागात किमान सात, किंवा ओईटीमध्ये प्रत्येक भागात बी. इंटर्नशिपबाबतची त्यांची अट कमी लोकांना ठाऊक असते: सलग १२ महिने, त्यांत किमान तीन महिने मेडिसिनच्या शाखांत आणि तीन महिने सर्जरीच्या शाखांत. आपल्या इंटर्नशिपमध्ये मेडिसिनला सहा आठवडे, सर्जरीला सहा आणि कम्युनिटी मेडिसिनला बारा आठवडे असतात. बालरोग, मानसोपचार, अस्थिरोग, कान-नाक-घसा असे संबंधित विभाग जोडून तो काळ दाखवावा लागतो. म्हणून इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर विभागवार तारखा हव्यात. "एक वर्ष पूर्ण केले" अशा एका ओळीच्या प्रमाणपत्राने पुढे ईमेलचा पाठलाग सुरू होतो. आणि ऐच्छिक पोस्टिंग निवडताना हे डोक्यात ठेवा. आणखी एक: जुलै २०२५ च्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ब्रिटिश सरकारने प्रशिक्षणाच्या जागांसाठी आपल्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. प्लॅब पास म्हणजे नोकरी, हे समीकरण आता धरू नका.

अमेरिकेत यूएसएमएलई या परवाना परीक्षेची पहिली पायरी जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाली. पूर्वी तिच्या गुणांवर परदेशी उमेदवार उठून दिसत. आता दुसऱ्या पायरीचे गुण, अमेरिकी रुग्णालयांतला अनुभव आणि शिफारसपत्रे यांवर भार आला. ज्यांच्याकडे ओळखी आणि प्रवासाचे पैसे, त्यांना हा बदल सोपा गेला. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. परतण्याची गरज नाही असे प्रमाणपत्र आपल्या सरकारने २०११ पासून डॉक्टरांना देणे थांबवले. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा दुसरा रस्ता होता, पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. लहान रुग्णालय एका निवासी डॉक्टरसाठी एवढे भरेल अशी आशा ठेवू नये.

म्हणून तुमच्यासाठी माझा क्रम असा. राज्याच्या कॅपच्या सगळ्या फेऱ्या शेवटपर्यंत लढवा आणि पसंतीक्रमात जालना, हिंगोली, गडचिरोली, वाशिम, भंडारा ही नवी सरकारी महाविद्यालये वगळू नका. त्यानंतर शुल्कमाफीत बसत असाल तर कॅपमधले खासगी, त्यातही रुग्ण भरपूर असलेले जुने. घर गहाण ठेवून अभिमत घेण्यापेक्षा एक वर्ष पुन्हा नीट देणे बरे, जर पहिला प्रयत्न असेल आणि मुलीची स्वतःची तयारी असेल तर. तिला विचारा, तिच्या वतीने ठरवू नका. परदेश शेवटी, आणि तेही वरचे पत्र हातात आल्यावरच. पत्रासाठी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला थेट लिहा, एजंटमार्फत नको, आणि उत्तर विद्यापीठाच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरूनच आले आहे ना ते पाहा. ते पत्र येईपर्यंत सीट बुकिंगच्या नावाखाली एक रुपयाही भरू नका.